भट्टीचा नारळ

दगा माझा धाकटा भाऊ. आमच्या अख्ख्या भेस्तान भागात लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्तीत त्याचा हात धरणारा नाही. पण हट्टी मेला! जुन्या लूमचे सुटे भाग बाजारात मिळेनात, तर म्हणाला, "घरीच ओततो." मोबाइलवर व्हिडिओ बघितले, तेलाचं पिंप कापलं, आतून माती थापली, भंगारातला ब्लोअर जोडला आणि मागच्या अंगणात, बरोबर माझ्या कपड्यांच्या दोरीखाली भट्टी उभी केली. मी म्हटलं, "आता घर पेटव, म्हणजे सुटलो!"

त्यावर एकदम गंभीर झाला. "शकू, धातू वितळला की पाणी जवळ आणायचं नाही. मुशीत, म्हणजे वितळवायच्या भांड्यात, पाणी पडलं तर सगळं उसळून माझ्या तोंडावर येईल. डोळे जातील, जीवही जाईल." त्यानंतर मी तिथे साधा रुमालसुद्धा वाळत घातला नाही.

पहिल्यांदा ओतायच्या दिवशी मी दारात उभी. दगाने सांडशीत मूस धरून भट्टीतून वर काढली. आत अल्युमिनियम लखलखत होतं. वाळूचा साचा शेजारीच होता. तेवढ्यात आमची आई, रुक्मिणी, मला ढकलून पुढे गेली. हातात नारळ. पाण्याचा!

"नवी भट्टीले नारय फोडनं पडस," म्हणाली आणि भट्टीच्या काठावर आपटायला हात उचलला. वर मूस, मुशीमागे दगाचं तोंड.

"आई, नको!" तो ओरडला. मूस हातात, हलणार कसा? मी झडप घातली, नारळ हिसकावला आणि पोटाशी धरून मटकन खाली बसले.

"ओत रे, ओत!"

त्याने ओतलं. साचा भरला.

आईने माझ्या पाठीत धपाटा घातला. "भाऊना जीववर उठनी तू!"

"मी? आणि तू काय करत होतीस?"

नवी भट्टी माणूस मागते, म्हणून तिला आधी नारळ द्यायचा, हे तिच्या मनात पक्कं. दगासाठीच आणला होता बिचारीने. मला रडूच कोसळलं.

पुढच्या वेळी भट्टी पेटली, तशी आई पुन्हा आली. मी दारात आडवी झाले. तिने पदराखालून हात काढला. सुक्या खोबऱ्याची वाटी होती. माझ्यासमोर ती पदराने पुन्हा एकदा पुसली.

"सुकं चालस ना, शकू?"

मी बाजूला झाले.