विषाचा विचार आणि धुळ्याचे डॉक्टर

"तुम्हाला वेड लागलेलं नाही," धुळ्याचे मनोविकारांचे डॉक्टर म्हणाले. "याला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर म्हणतात." मग त्यांनी फोड करून सांगितलं. ऑब्सेशन म्हणजे नको असताना पुन्हा पुन्हा येणारा विचार. कम्पल्शन म्हणजे तो विचार शांत व्हावा म्हणून पुन्हा पुन्हा करावी लागणारी कृती.

माझा विचार विषाचा होता. आमचं शेत कपाशीचं. एकदा फवारणी करून आल्यावर ह्यांना चक्कर आली. दुसऱ्या दिवशी हे बरे झाले, पण माझ्या मनात बसलं की विष माझ्या हातांना लागलंय आणि ते जेवणात जाणार. आधी ह्यांचे कपडे धुतल्यावर हात धुवायचे. मग दाराची कडी, बादली, कशालाही हात लागला की धुवायचे. कातडी फाटून रक्त यायला लागलं. धाकटी मुलगी हात पसरून आली की मी मागे सरकायचे. तिला सासूबाई भरवायच्या.

"पोरी, आते हात ऱ्हाऊ दे," अक्का, म्हणजे सासूबाई, म्हणायच्या; आता धुणं पुरे कर, असं. पण मला थांबता येत नव्हतं.

आम्ही गेलो होतो कातडीच्या डॉक्टरांकडे. त्यांनी मलम दिलं, मग विचारलं, "दिवसभर हात धुता का?" मी रडले. त्यांनीच इकडे पाठवलं.

इथं क्लोमिप्रामिनच्या गोळ्या सुरू झाल्या. मी विचारलं, "कुठला विचार थांबवायचा, हे गोळीला कसं कळतं?"

डॉक्टर हसले. "गोळीला कळत नाही. ती विचाराचा जोर कमी करते, तोही हळूहळू. थांबायचं तुम्ही शिकायचं."

गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, झोप यायची. काही आठवड्यांनी विचार येत होता, पण ओरडत नव्हता.

मग बिहेविअर थेरपी, म्हणजे भीती वाटते ती गोष्ट करायची आणि नंतर हात धुवायचे नाहीत. डॉक्टरांनी मला त्यांच्या दाराची कडी धरायला लावली. "आता बसा. काय होतं ते बघा."

छाती धडधडायला लागली. पदराला हात पुसू का, विचारलं. नाही म्हणाले. भीती वाढत गेली, खूप वेळ तशीच राहिली. आणि मग मी काहीच न करता ती कमी व्हायला लागली.

"डॉक्टर, उतरतेय!" मी म्हणाले. मला त्याचंच नवल वाटलं. इतकी वर्षं मी तिला उतरायला वेळच दिला नव्हता.

"फवारणीच्या पंपाला हात लागला तर साबणानं एकदा नीट धुवा," ते म्हणाले. "ती काळजी. दुसऱ्यांदा धुणं हा आजार."

घरी अक्कांना अवघड गेलं. "हात स्वच्छ आहेत ना?" या माझ्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या तोंड फिरवून बसायच्या.

मध्ये बरं वाटलं म्हणून मी माझ्याच मनानं गोळ्या बंद केल्या, आणि सगळं परत आलं. तुम्ही असं करू नका. पुन्हा सुरुवात केली. एका सकाळी मी भाकरी थापली आणि मुलीला भरवली. तिनं घासाबरोबर माझं बोटही चावलं.

परवा शेजारच्या गल्लीतली एक बाई दबक्या आवाजात सांगत होती. तिची जाऊ रात्रंदिवस स्टोव्ह बंद आहे का ते बघत बसते. मी म्हटलं, "सोमवारी माझे डॉक्टर असतात, तिला घेऊन या."

सोमवारी धुळ्याच्या एसटीत मी त्या दोघींच्या शेजारी बसले होते.