कर्दळबुढी

आमच्या गावात फूल तोडल्याबद्दल शिव्या खाल्ल्या नाहीत अशी सून शोधून सापडायची नाही. शिव्या देणारी एकच, कर्दळबुढी. गोड्या विहिरीच्या वरच्या अंगाला, गावच्या नालीच्या तोंडाशी तिने कर्दळ लावलेली होती. महालक्ष्म्यांच्या दिवसांत ती लालभडक फुलायची. कुणी हळूच हात घातला, की समोरच्या ओट्यावरून आवाज येई, "काऊन वं, देवाले झेंडू नाई भेटत काय? फुलापायी आत पाय घालतं अन् मुळं तुडवतं!"

ही अक्कल तिची स्वतःची नव्हती. एका संस्थेची ताई गावात येऊन सांगून गेली होती, की सांडपाणी आधी गिट्टीरेतीतून आणि मग कर्दळीच्या मुळांतून जाऊ द्या, म्हणजे विहीर चांगली राहील. सभेला आलेल्यांनी चहा घेतला, बुढीने कंद घेतले. नळ आले तरी मोटर त्याच विहिरीत होती, त्यामुळे अख्खं गाव तिच्या कर्दळीखालचं पाणी पीत होतं. पण हे बोलून दाखवायची पद्धत नव्हती.

बुढी सिंदीच्या बाजारात वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकायची आणि गिऱ्हाइकांशीही भांडायची. गावात तिचं कुणाशी पटत नसे. मला ती आवडायची, पण तेही चारचौघांत बोलायची सोय नव्हती.

आमच्या गावाला सफाईचा भारी सोस. पहाटे खराटे घेऊन निघणारी माणसं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एका वर्षी तपासणीला पाहुणे येणार म्हणून सगळे नालीवर उतरले. बुढी बाजारात होती. भजनं म्हणत म्हणत त्यांनी कर्दळ, लव्हाळं सगळं मुळासकट उपटलं, गिट्टी काढून फेकली आणि काठावर चुन्याच्या रेघा ओढल्या.

संध्याकाळी बुढी रिकामं टोपलं घेऊन परतली. आता हिचं तोंड सुटणार म्हणून लोक दारात उभे. ती नालीकडे बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, "लय साफ केलं बाप्पा. आता घान पानी पिजा." त्या दिवशी तिने शिवी दिली नाही, याचीच मला भीती वाटली.

पावसाळा लागला आणि नालीचं पाणी सरळ विहिरीकडे धावलं. नळाला वास येऊ लागला. घरोघरी लेकरांची पोटं बिघडली. टँकर आला. शेवटी सरपंच बुढीच्या दारात गेले, कारण कंद आता फक्त तिच्या परसात उरले होते.

"देतो ना," बुढी म्हणाली. "पन ज्याच्या हातानं उपटलं, त्याच्याच हातानं लागन."

भजनी मंडळ गुडघाभर चिखलात उतरलं. बुढी ओट्यावर बसून प्रत्येकाच्या नावाने ओरडत होती. तिचं तोंड पुन्हा सुटलं, तेव्हा मला बरं वाटलं. कर्दळ धरली, तसा हळूहळू पाण्याचा वासही गेला.

परवा बुढी गेली. ऐन महालक्ष्म्यांचे दिवस, नालीवर सगळं लालच लाल. तिला अंगणात ठेवलं होतं. एक म्हातारी आपल्या सुनेला म्हणाली, "दोन फुलं आन ना वं थ्या कर्दळीची. तिचीच व्हती."

सून जागची हलली नाही.

"तोडू देते का बुढी?" ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.

आम्ही बुढीला बाजारातला झेंडू वाहिला.