बाण आपला आपण हलत होता

नाही गं बायांनो, आता नाही हलत. वायफायच बंद करून ठेवलाय.

झालं असं. हे गेल्यापासून यांचा कॉम्प्युटर मीच वापरते. आज सकाळी बँकेत पेन्शन आली का बघत होते, तर पडद्यावरचा बाण आपला आपण फिरायला लागला. माझा हात चहाच्या कपावर!

घाबरून राजाजीनगरच्या भाचीला बोलावलं. शुभानं आत कुठले प्रोग्राम आहेत ते बघितलं, एकावर बोट ठेवलं आणि कपाळाला हात लावला.

“मावशी, हे असलं की दुसरा कुणी लांब बसून तुझा कॉम्प्युटर चालवतो. कुणी टाकलं?”

“मांजरानं टाकलं असेल.”

“मावशी!”

मग सांगितलं. परवा एकाचा फोन आला, कॉम्प्युटर स्लो झालाय, नीट करून देतो म्हणाला. तो सांगेल तिथं मी दाबत गेले.

शुभानं ते काढून टाकलं, स्वतःच्या फोनवरून माझे पासवर्ड बदलले, बँकेला कळवलं. पैसे अजून जागेवर आहेत, पण मी दर दहा मिनिटांनी तिला विचारतेय.

“बाण कधीपासून हलतोय?”

“आजच गं.”

“सरी, ठीक आहे, मग वाचलीस.”

तुमच्यापैकी कुणाला आलाय का असा फोन?

शुभा, तू हे वाचशीलच. बाण परवापासून हलत होता. आज तो बँकेच्या पानावर गेला तेव्हा घाबरले; तोवर मला वाटलं, तुझे काका आले. दोन दिवस मी त्याच्याशी गप्पा मारत बसले होते.