चौघांनी सांगितलेलं

आमच्या नारपोलीच्या खोलीची मागची भिंत यंत्रमागाच्या कारखान्याची होती. लूम चालू असले की घरात ओरडून बोलावं लागे, आणि ओरडून बोलणं मला कधी जमलं नाही. म्हणून आईंना वाचून दाखवायचं ते शुक्रवारी. शुक्रवारी लूम बंद असत. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना अक्षर येत नव्हतं. घरात वाचणारी मी एकटी, तीही चौथीपर्यंत शिकलेली, ओळीवर बोट ठेवून वाचणारी.

वाचायचं होतं ते ख्रिस्ती लोकांचं पुस्तक. आम्ही मूळचे दिघाशीचे, शेतकरी. आमच्या घरात असलं पुस्तक येण्याचं कारण म्हणजे माझा धाकटा दीर.

तो निजामपुऱ्यात एका कारखान्यात लूम चालवायचा. एका पावसाळ्यात कारखान्यात पाणी शिरलं, त्याला मोटरचा शॉक बसला आणि तो गेला. त्याला घरी आणलं तेव्हा आईंना तो थोडाच वेळ दिसला. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. पुरुष त्याला घेऊन गेले, जाळून आले, राख कामवारी नदीत सोडली. आईंचं जेवण सुटलं, झोप सुटली. डॉक्टर झाला, अंगारा-धुपारा झाला. मग आमच्या गल्लीत माझ्याबरोबर लूमसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या एका ख्रिस्ती बाईने त्यांना रविवारी प्रार्थनेला नेलं.

प्रार्थना एका शाळामास्तरांच्या घरी व्हायची. सतरंजीवर बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. आई भिंतीला टेकून बसल्या आणि गाणी चालू असताना झोपून गेल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना झोप लागली होती, म्हणून कुणी उठवलं नाही. घरी येऊन त्यांनी भात मागितला. माझे यजमान आधी कुरकुरत होते, पण ताटातला भात संपलेला पाहिल्यावर एवढंच म्हणाले, "जा बाई हवं तिकडं. फक्त भावकीच्या कानावर जाऊ देऊ नका."

मास्तर सांगायचे, प्रभू मेला, त्याला पुरलं, तिसऱ्या दिवशी तो उठला, आणि एक दिवस मेलेले सगळे उठतील. पाप, क्षमा, स्वर्ग हे सगळं आईंच्या कानावरून जायचं. त्यांनी एकच गोष्ट धरली होती. मुलगा परत भेटेल का?

"तू नीट वाच," त्या मला म्हणाल्या. "मास्तर गोड बोलतो. पोथीत काय हाय ते मना सांग."

त्या पुस्तकात प्रभूची हकीकत चार जणांनी सांगितलेली आहे. शुभवर्तमान म्हणतात तिला. मी पहिल्यापासून लावून वाचायला घेतलं. शुक्रवारी शेजारच्या खालाही येऊन बसायच्या. त्या मागच्या कारखान्याच्या मालकाच्या आई, कोकणी मुसलमान. पानाचा डबा मांडीवर घेऊन त्या दारातच टेकायच्या.

"काय मास्तरीणबाई, कुठवर आली तुमची गाडी?"

"चौथ्यांदा कबरीपाशी आलीय," मी म्हटलं.

"आमच्यात तर तो मेलाच नाय. अल्लानं तसाच वर उचलून घेतला."

आई म्हणाल्या, "मंग त्याची आय रडली कशापायी?"

"आय काय, रडतेच. माझा कुवेतला गेला तवा मी काय कमी रडले? जिता होता, वर घड्याळ घालून गेला."

आई खूप दिवसांनी हसल्या. मला मात्र हसू आलं नाही, कारण चारही हकिकती वाचून झाल्या होत्या आणि माझ्या मनात काहीतरी अडकलं होतं. कबरीवर बायका गेल्या, हे चौघेही सांगतात. कुठल्या बायका, ते मात्र जुळत नाही. एक सांगतो, देवदूत धोंड्यावर बसला होता. दुसरा म्हणतो, आत एक पांढऱ्या कपड्यातला तरुण होता. तिसरा म्हणतो दोन पुरुष होते. चौथ्याकडे एकच बाई अंधारात जाते आणि प्रभूलाच माळी समजते. आणि दुसऱ्याची हकीकत संपते तिथे तर त्या बायका थरथरत पळून जातात आणि भीतीने कुणाला काहीच सांगत नाहीत. त्याच्याखाली बारीक अक्षरात टीप होती, की यापुढच्या ओळी सगळ्यात जुन्या प्रतींमध्ये नाहीत. त्या दिवशी ते पान पुन्हा काढलं तेव्हा माझं बोट तिथे गेलं आणि मी तीही मोठ्याने वाचली.

"म्हणजे काय?" आईंनी विचारलं.

"म्हणजे पुढचं मागाहून कुणीतरी लिहिलं असावं."

"कुणी?"

"ते दिलेलं नाही."

त्या उठून ओट्यावर जाऊन बसल्या. मला वाटलं, आता त्या परत जेवण सोडतात की काय. पण पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर मास्तरांना विचारलं. मी लाजेने सतरंजीची किनार बघत बसले.

मास्तर चिडले नाहीत. म्हणाले, "टीप खरी आहे, मावशी. आणि चौघांचं सगळं जुळत नाही हेही खरं आहे. वर्षं गेल्यावर लिहिलंय त्यांनी. त्यापायी मलाही कधीकधी रात्र रात्र झोप येत नाही."

यावर आईच त्यांना समजावू लागल्या. दीर गेला तेव्हा त्याच्या कारखान्यातले चौघे आमच्याकडे सांगायला आले होते. एक म्हणाला, त्याने पाणी मागितलं. दुसरा म्हणाला, तो काही बोललाच नाही. तिसरा म्हणाला, जागच्या जागी गेला. चौथा तेलंगणातला, तो म्हणाला, दवाखान्यात नेताना तो 'आईला सांग, घाबरू नको' असं बोलला.

"चौघं चार सांगत होते," आई म्हणाल्या. "म्हणून तर मना पटला. शेठनी पढवून धाडलं असतं तर चौघांनी एकच सांगलं असतं. ज्यांनी बघितलं, घाबरले, त्यांचं असंच होतं."

मास्तरांचा चेहरा उजळला. "हेच मोठमोठे पंडित म्हणतात, मावशी." त्यांनी ते सगळ्यांना पुन्हा सांगितलं, आणि नंतर कितीतरी रविवार सांगत राहिले. घरी येताना मला आईंचा अभिमान वाटत होता. माझ्या मनातली गाठ सुटल्यासारखी झाली होती.

जेवताना मी यजमानांना ते सांगितलं. त्यांचा हात ताटात थांबला. आई बाहेर ओट्यावर होत्या. ते हळूच म्हणाले, "तो तेलंगणवाला तिथं नव्हताच. रातपाळी होती त्याची. दिवसाचा खोलीवर झोपला होता तो. मला केव्हाच कळलंय. तू आईला बोलू नको."

त्यानंतर मला पुस्तक उघडवेना. चौघांचं जुळत नाही म्हणून ते खरे, हे मला पटलं होतं. पण त्यातला एक जण तिथे नव्हताच, आणि नेमका तोच सगळ्यात गोड सांगून गेला होता. मग या पुस्तकातल्या चौघांत खोलीवर झोपलेला कोण? बाग आणि माळी सांगणारा? का त्या पुढच्या ओळी लिहिणारा? कांड्या भरताना हेच डोक्यात फिरायचं. सूत तुटायचं आणि मला कळायचंही नाही. मुकादम म्हणायचा, "ओ वहिनी, ध्यान किधर है?"

शुक्रवारी आईंनी पुस्तक आणायला सांगितलं तेव्हा मी डोकं दुखतंय म्हटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुला नवऱ्यानी सांगलंन ना, तो चौथा रातपाळीला होता म्हणून?"

मी पदराने कपाळ दाबलं.

"मना ठाव हाय. त्या दिवशीच ठाव होतं. त्याचे डोळे झोपेतून उठल्यासारखे होते, आणि तो हिंदीत सांगत होता. माझ्या पोराला हिंदी धड येत न्हवती. त्यानी मना बरं वाटावं म्हणून सांगलंन."

"मग तुम्ही मास्तरांना चौघं का म्हणालात?"

"चौघंच आले होते. मी काय तीन म्हणू?" मग त्या म्हणाल्या, "त्याचंच मी धरून बसलेय. खोटं हाय ते ठाव हाय, तरी तेच धरते. बाकीच्यांचं मना नको वाटतं."

एखादी गोष्ट खोटी आहे हे माहीत असणं आणि तीच धरून बसणं, हे एका माणसाला कसं जमतं, ते मला त्या दिवशी कळलं नाही. अजूनही नीट कळत नाही.

पुढे मी पत्रं वाचायला घेतली. मास्तरांनी सांगितलं होतं की पत्रं त्या चार हकिकतींच्याही आधीची आहेत. एका पत्रात प्रभू उठल्यावर कुणाकुणाला दिसला त्याची यादी आहे. मुख्य शिष्य, मग बारा जण, मग शेकडो भाऊ. त्यात बायका नाहीतच.

"कबरीवर पहिल्या गेल्या त्या कुठं गेल्या?" आईंनी विचारलं.

"इथे नाहीत."

खाला दारातून म्हणाल्या, "सातबाऱ्यावर तरी असतात काय बायकांची नावं? नांगराला जुंपा, नाव लावू नका."

त्या उन्हाळ्यात मास्तरांनी आईंना बाप्तिस्मा घ्यायचं विचारलं. ते आमच्या खोलीवर आले होते. मी चहा ठेवला.

"मंग मी मेले की मना पुरणार?" आईंनी विचारलं.

"हो मावशी. आपल्यात पुरतात."

"म्हणजे उठायला बरं."

मास्तर हसले. "तसं नाही. पण हो, आशेनं पुरतात."

"माझ्या पोराला जाळलंय. राख पाण्यात गेली. तो कुठून उठायचा?"

इतके दिवस त्या काय विचारत होत्या ते मास्तरांना तेव्हा कळलं असावं. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, देवाला काही अशक्य नाही. मग त्याच पत्रातलं सांगितलं, की शरीर बियासारखं असतं. पेरतो ते एक, उगवतं ते वेगळंच.

आईंनी आयुष्यभर भात लावला होता. त्या म्हणाल्या, "भाजलेला बी उगवत न्हाय, मास्तर."

मास्तरांनी कप परत उचलला. मला एक उत्तर सुचलं, आणि मी परपुरुषासमोर क्वचितच बोलणारी, तरी बोलले. म्हटलं, "आई, पाला-शेण पसरून राब भाजतात ना आपल्याकडे. राखेतच भात चांगला येतो."

"भाजतात ती जमीन. बी मागाहून टाकतात. तू शेतावर आलीस कवा?"

मी चहाची भांडी उचलून आत गेले. आतून मला ऐकू येत होतं. आई म्हणाल्या, "तुमच्याकडं मी येत राहीन. पण मना जाळायचं. तो गेला तिकडंच मी जाणार. तो उठला तर मीही उठेन, न्हाय तर न्हाय." मास्तरांनी पुन्हा विषय काढला नाही. आई प्रार्थनेला जात राहिल्या, पण कडेला, दाराजवळ बसायच्या. बाकीच्या बायका त्यांना अजून 'आमच्या' म्हणायच्या नाहीत.

त्या गेल्या ती गोष्ट नव्वद सालानंतरची. छातीत पाणी झालं होतं. बोलताना धाप लागायची. एका दुपारी मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं वाचलंस. तुला काय वाटतं? भेटेल का तो?"

मला काय वाटतं, असं मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. 'भेटेल' म्हणायला काय लागत होतं? तो तेलंगणवाला परका माणूस, त्याने सांगितलं होतं. पण त्याचं बोलणं आई किती दिवस धरून बसल्या होत्या ते मी पाहिलं होतं. खोटं आहे हे माहीत असूनही सोडता येत नव्हतं त्यांना. आणि मी 'भेटेल' म्हटलं असतं तर त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असतं.

"मला माहीत नाही, आई," मी म्हटलं. "भेटावा असं वाटतं."

त्या भिंतीकडे वळल्या. संध्याकाळी त्यांनी पेज मागितली, दोन घोट घेतले. "मीठ कमी हाय," म्हणाल्या. त्यानंतर त्या माझ्याशी वेगळं असं काही बोलल्या नाहीत. दोन-तीन दिवसांत गेल्या. त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांना जाळलं.

त्या शेवटी काय म्हणाल्या, असं सगळे विचारत होते. यजमानांनी दिघाशीला भावकीला सांगितलं की आईने कुलदैवताचं नाव घेतलं. तसं सांगितलं नसतं तर दिवसकार्याला माणसं आली नसती, हे मला कळत होतं. मास्तर भेटायला आले तेव्हा मी त्यांना त्या दुपारचं जसंच्या तसं सांगितलं. मिठाचंही सांगितलं. ते ऐकून घेत होते, मान हलवत होते.

नंतर एका रविवारी मी एकटीच प्रार्थनेला गेले. मास्तरांनी आईंची आठवण काढली. चौघांच्या साक्षीचं त्यांनी कसं समजावलं होतं ते सांगितलं. मग म्हणाले, "मावशींनी बाप्तिस्मा घेतला नाही, पण शेवटच्या घडीला मुलगा भेटणार अशी आशा त्यांच्या ओठांवर होती. त्यांच्या सूनबाईंनी स्वतः ऐकलंय." सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. मास्तर खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. मी सांगितलं ते त्यांनी तसंच ऐकलं असेल. कदाचित तसं त्यात होतंही. भेटेल का, हे आशा असल्याशिवाय कुणी विचारतं का?

बाहेर चपला घालताना ती कांड्या भरणारी बाई माझ्याजवळ आली. तिचे डोळे भरले होते.

"खरंच तशा म्हणाल्या त्या?"

"त्यांनी विचारलं होतं," मी म्हटलं.

तिने माझा हात हातात घेतला आणि तिला जे ऐकायचं होतं ते ऐकल्यासारखी मान हलवली. मी हळूच हात सोडवून घेतला. नळाला पाणी यायची वेळ झाली होती, मी घरी निघाले.