केशवभाऊ आणि कॉलेजचा चहा

केशवभाऊ कॉलेजच्या फाटकापाशी आले की आधी गालातला तंबाखू थुंकायचे, मग शर्टाचं गळ्याचं बटण लावायचे. आत जायचं नसलं तरी. नुसते समोरच्या फुटपाथवरून जात असले तरी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसलेच. "भाऊ, कोण बघतंय?" तर म्हणाले, "कॉलेज बघतंय ना!"

हा माणूस पोलिसांना घाबरत नव्हता की बिल्डरला. कुणाला जात विचारून भाड्याची खोली नाकारली, की भाऊ त्या सोसायटीच्या गेटवर हजर. "सेक्रेटरीसाहेब, नीचे आइए, बैठके बात करेंगे," असं गोड बोलायचे आणि खरंच खाली बसायचे. खोली मिळेपर्यंत उठायचे नाहीत. भाईंदरच्या नवघर भागात निम्म्या बिऱ्हाडांना त्यांनी असं छप्पर मिळवून दिलंय. मी भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला. सुटले की त्यांच्या संघटनेचं काम करायची. पोरं मोठी झाल्यावर मी बारावी पास झाले, तेव्हा पेढे भाऊंनीच वाटले. म्हणाले, "सुनंदा, येत्या जूनला तू संध्याकाळच्या वर्गात. माझ्या बाकावर बसायचं, पहिल्या!"

त्या बाकाची गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली होती की झोपेतही म्हणून दाखवू. भाऊ दिवसा बापाबरोबर मिठागरात राबायचे आणि संध्याकाळी कॉलेजात यायचे. मिठानं पाय फुटलेले, म्हणून लाजून मागे बसायचे. एक दिवस प्रिन्सिपॉलसर स्वतः मागे आले, त्यांचा हात धरला आणि पहिल्या बाकावर आणून बसवलं. "त्या दिवशी मी माणूस झालो," भाऊ म्हणायचे. डोळे भरायचे त्यांचे, दर वेळी.

आणि त्याच कॉलेजनं संध्याकाळचे वर्ग बंद केले. पोरं कमी येतात म्हणे! कामावरून सुटणारी माणसं कमी झालीयत का भाईंदरात? मी तडक भाऊंकडे गेले. म्हटलं, मोर्चा काढू. भाऊ म्हणाले, "थांब. ते माझा सत्कार करतायत. माईक हातात येऊ दे, मग बघ."

मी बघितलं. शाल आली, नारळ आला, माईकही आला. भाऊ उभे राहिले, गळ्याचं बटण लावलं आणि सुरू झाले. मिठागर, फुटलेले पाय, प्रिन्सिपॉलसर, पहिला बाक. पदाधिकारी डोळे पुसतायत, भाऊ रडतायत आणि मी खुर्चीत बसून दात-ओठ खातेय. संध्याकाळच्या वर्गाबद्दल एक अक्षर नाही! टाळ्या झाल्या आणि भाऊ खाली बसले.

परतताना केबिन रोडवर गर्दीत मी त्यांना थांबवलंच. "भाऊ, सोसायट्यांच्या गेटवर घसा फोडता आणि इथं तोंडात मिठाची गुळणी?"

"अगं, आईच्या दारात कुणी मोर्चा नेतं का?"

"आईच पोरांना बाहेर काढत असेल तर?"

भाऊंनी शाल या हातातून त्या हातात घेतली. "मी बोलतो त्यांच्याशी," म्हणाले, "आपलीच माणसं आहेत."

मग बोलत राहिले. आठवड्यामागून आठवडे ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर बसून यायचे. "काय झालं?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "विचार करतायत. चहा मात्र फर्स्टक्लास देतात हं!" अस्सा राग यायचा! वाटायचं, त्यांची कॉलर धरावी आणि ते बटण तोडून टाकावं. जून आला आणि गेला. माझा प्रवेश राहिला तो राहिलाच. भाऊंना मला तोंड दाखवायची लाज वाटायची. मला बघून रस्ता बदलायला लागले. इतकं प्रेम काय कामाचं हो, ज्यात भांडताच येत नाही?

मग एका सकाळी भाऊंच्या छातीत दुखायला लागलं, आणि रिक्षा हॉस्पिटलला पोचायच्या आत ते गेले. मी रडले, पण राग काही गेला नाही.

कॉलेजनं शोकसभा ठेवली. कुठे? भाऊंच्याच जुन्या वर्गात. संध्याकाळी. शिपाई सहज म्हणाला, "तेव्हा वर्ग रिकामेच असतात ना, ताई." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कॉलेजच्या अध्यक्षांनी भाऊंना 'संस्थेचे सुपुत्र' म्हटलं. सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. मग माणसं पांगली. मी जाऊन पहिल्या बाकावर बसले. मला बघून संघटनेच्या बायका दारातून परत फिरल्या आणि मागच्या बाकांवर बसल्या. शिपाई कुलूप घेऊन आला, आम्हाला बघून अध्यक्षांना घेऊन आला.

"बाई, हे काय?" अध्यक्ष म्हणाले. "भाऊ या कॉलेजला आई मानत होते. त्यांना हे आवडलं असतं?"

"नसतं आवडलं," मी म्हटलं. "पण आई त्यांची. मला तिनं अजून पदरात घेतलेलं नाही. संध्याकाळचा वर्ग सुरू करा, मग मीही फाटकापाशी पदर सारखा करून आत येईन. तोवर उठत नाही."

अध्यक्ष शिपायाला म्हणाले, "सगळ्यांना चहा सांग."

"चहा नको," मी म्हटलं.