हिऱ्याचा बिल्ला

मारोतराव ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. पिचकारी उकळणं, कुत्र्याचं तोंड बांधणं, डॉक्टर टोचेपर्यंत त्याला धरून ठेवणं, एवढंच त्यांचं काम. शिक्षण मराठी चौथी. पण कुत्रं पिसाळू नये म्हणून टोचायच्या सुईबद्दल इतकं पोटतिडकीनं सांगणारा दुसरा माणूस मी नागपुरात पाहिला नाही, आणि त्यापायी इतकी हिडीसफिडीस वाट्याला आलेलाही पाहिला नाही. तीन महिन्यांच्या आत पिल्लाला टोचू नका, मग टोचा, आणि पुढे दरसाल टोचा. सांगणं एवढंच होतं.

सिव्हिल लाइन्समधल्या साहेबांच्या कुत्र्यांना दरसाल घरपोच सुई मिळे. गावातल्या कुत्र्यांसाठी मारोतराव सुट्टीच्या दिवशी दारोदार चपला झिजवत. गांधीबागेत आमच्या कापड दुकानातही येत. मी तिथे मुनीम होतो. मालक महादेवराव गादीवरून न हलता म्हणत, "लहानपणी एकदा मले देवी टोचल्या, त्या आजवर पुरून राहिल्या. मंग कुत्र्याले दरसाल काहून?" सगळे हसत. मीही हसायचो, त्याची आज लाज वाटते.

टोचलेल्या कुत्र्याला म्युनिसिपालिटी पितळी बिल्ला देई. बिल्ला असला की कुत्रे पकडणारे त्याला हात लावत नसत. बिल्ल्यावर साल कोरलेलं असे, पण ते वाचतो कोण? गळ्यात पितळ चमकलं की झालं. दुकानातला तांबडा कुत्रा हिऱ्या १९३१ साली एकदाच टोचला होता. चौतीस साली तो मेला, तेव्हा महादेवरावांनी त्याचा बिल्ला सोडवला आणि नव्या काळ्या पिल्लाच्या गळ्यात बांधायला सांगितला. बांधला मी. याच हातांनी.

पिल्लाचं कुत्रं झालं. मारोतरावांनी एकदा त्याचा बिल्ला उलटून पाहिला. "सेठ, हा हिऱ्याचा बिल्ला आहे. या काळ्याले कोणी टोचलं?" महादेवरावांनी उलट दवाखान्यात त्यांचीच तक्रार केली. डॉक्टरांनी मारोतरावांनाच झापलं: भल्या माणसांच्या दारात जाऊन तमाशा करायचा नाही. खोटा बिल्ला बांधणारे भले, आणि तो वाचणारा तमासगीर!

पुढच्या चैत्रात ते कुत्रं देवकीच्या मनगटाला चावलं. देवकी दुकान झाडायची. महादेवरावांनी जखमेत तिखट भरायला लावलं. "त्याच्या गळ्यात सरकारी बिल्ला आहे. भ्याचं काय काम?" देवकीनं विश्वास ठेवला आणि पुन्हा झाडू हातात घेतला. का ठेवू नये? आम्हीच तर तिला तो बिल्ला रोज दाखवत होतो.

बातमी कळताच मारोतराव आले. "देवकी, तो बिल्ला मेल्या कुत्र्याचा आहे वं. चाल माझ्यासंग मोठ्या दवाखान्यात." तिनं मालकांकडे पाहिलं. मालक म्हणाले, "याचं डोकं फिरलं आहे." मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"खरं आहे," मी म्हणालो. "म्याच बांधला."

देवकी मारोतरावांसोबत दवाखान्यात गेली. चौथ्या दिवशी ते कुत्रं तोंडाला फेस येऊन दुकानाच्या पायरीवर मेलं. देवकीला पोटात चौदा सुया घ्याव्या लागल्या. तिच्या मागेपुढे कोणी नव्हतं, म्हणून चौदाही दिवस मारोतराव तिला घेऊन गेले. देवकी वाचली. कामावर गैरहजर राहिले म्हणून मारोतरावांची नोकरी गेली. त्यांना झापणारे डॉक्टर मात्र त्याच खुर्चीवर राहिले.

देवकीच्या सुया अजून चालूच होत्या, तेव्हा महादेवरावांनी दोन महिन्यांचं तिसरं पिल्लू आणलं. चिंचेनं घासून लखलखीत केलेला हिऱ्याचा बिल्ला माझ्यापुढे धरला. "बांध."

मी बिल्ला गादीवरच ठेवला आणि पिल्लू उचलून सरळ मारोतरावांच्या घरी गेलो. पुन्हा त्या दुकानाची पायरी चढलो नाही. मारोतरावांनी पिल्लाचे दात पाहिले. "अजून एक महिना थांबू," एवढंच म्हणाले.

मग ज्या दवाखान्यानं हाकलून दिलं, त्याच्याच दारात ते दरसाल त्या कुत्र्याला घेऊन रांगेत उभे राहिले. त्यांच्या दारामागच्या खिळ्याला आज अकरा बिल्ले लटकले आहेत, प्रत्येकावर वेगळं साल.

महादेवरावांच्या दुकानात अजून तोच चालतो, १९३१ चा. बांधणारा तेवढा नवा आहे.