डाव्या बाजूचा गारवा

देवपुरात अभिमनला लोक 'चुनेवाला' म्हणत. त्याची पिकअप अठरा वर्षांची जुनी, आणि दर महिन्याला तो तिच्या टपाला चुन्याचे तीन हात द्यायचा. चुन्यात सरस कालवायचा, म्हणजे पोपडे सुटत नाहीत.

"इतला चुना तं घरलेबी लागना नही," त्याची बायको प्रमिलाबाई ओट्यावरून म्हणे.

"घर पेटत नही. केबिन पेटस."

गेल्या वैशाखात, अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठच दिवस झाले होते, तेव्हा अभिमनचा थोरला भाऊ निंबा याच केबिनमध्ये वारला होता. नरडाण्याच्या अलीकडे रेल्वे फाटकावर गाडी उभी होती. मालगाडी निघून गेली, फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवू लागले, आणि निंबा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसलेला. कुणीतरी चिडून खाली उतरला, खिडकीतून त्याच्या खांद्याला हात लावला, आणि हात मागे घेतला. अंग तव्यासारखं तापलं होतं. ऊन लागलं, असं दवाखान्यात सांगितलं.

तेव्हापासून गाडी अभिमनकडे. त्याच सीटवर बसायचं, तोच रस्ता, आणि मरायचं मात्र नाही, एवढं त्याने मनाशी धरलं. बॉनेटच्या मागच्या कडेखाली त्याने रबराचे तुकडे घातले, म्हणजे इंजिनाची वाफ वरच्या वर निघून जाते. पायाशी पेडलच्या भोकांतून झळ यायची, ती भोकं चिंध्या आणि ओल्या मातीने बुजवली. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले. डाव्या सीटवर गोणपाटात गुंडाळलेलं मडकं ठेवलं. त्यातलं पाणी अर्ध्या अर्ध्या तासाने पडद्यांवर शिंपडायचं. एवढं करूनही दुपारी सीटच्या रेक्झिनला पाठ चिकटायचीच.

अखाजीला पंधरा दिवस उरले असताना खड्ड्यात गाडी आदळली आणि ते मडकं फुटलं. घरी येऊन अभिमनने इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात नवीकोरी लाल घागर पालथी ठेवलेली होती. त्याने ती उचलली, आणि संध्याकाळी परत आणून ठेवू म्हणत निघाला.

त्या दिवशी डांगरांचा, म्हणजे खरबुजांचा, माल होता. तापीच्या पात्रातून भरायचा आणि धुळ्याच्या बाजारात उतरवायचा. अखाजी जवळ आली की घरोघर डांगर लागतं, त्यामुळे खेपेवर खेप. शिंदखेड्याच्या फाट्यापुढे अभिमनच्या लक्षात आलं, की डावा दंड गार पडलाय. पडदा पाहिला, तो तर कोरडा खडखडीत. गारवा खिडकीकडून नव्हता, सीटवरून होता. विहिरीत वाकून बघितल्यावर तोंडावर येतो तसला.

धुळ्याला पोचल्यावर त्याने घागरीच्या तोंडावर बांधलेलं फडकं सोडलं. काठोकाठ भरलेली घागर चार बोटं उतरली होती. फडकं मात्र कोरडं.

नवी घागर झिरपते, असं त्याने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी सांगायचं सोडून दिलं. कारण त्या उन्हाळ्यात, डांबर वितळून टायरला लागत असताना, अख्ख्या जिल्ह्यात अभिमनच तेवढा अंगात कोरडा सदरा घालून गाडी हाकत होता. घागर घरी परत गेली नाही.

एकदा नदीवर भागाबाई भेटली. वाळूत डांगरांची वाडी करणारी म्हातारी. तिला नरडाण्यापर्यंत यायचं होतं. तिने डावा दरवाजा उघडला, आत पाहिलं, आणि हळूच लावून घेतला.

"बठ ना अक्का मझार. मांगे ऊन शे."

"ऱ्हाऊ दे भाऊ. त्या मानूस बशेल शेतस नं. त्यास्ले कसाले उठाडू?"

आणि ती मागे डांगरांवर, भर उन्हात, पदर डोक्यावर ओढून बसली.

अभिमनने सीटकडे पाहिलं नाही. गिअर टाकताना कोपर डावीकडे जाणार नाही एवढी काळजी मात्र त्याने नरडाण्यापर्यंत घेतली.

अखाजीच्या सकाळी प्रमिलाबाई घरभर शोधत होती.

"वहिनीनी आनेल घागर कथी गयी?"

"गाडीमा शे," अभिमन बूट घालत म्हणाला. "दुसरी लई या कुंभारकडथीन."

निंबाची बायको सुंदरबाई चुलीपाशी होती. ती उठून आली. वर्षभरात ती फार बोलली नव्हती.

"दुसरी नही चालाव, भाऊ. घागर आनी त्या दिनच त्यास्नं नाव लिसन ठेयेल व्हती मी. वरीसनी पहिली घागर शे. ती भरी तवय त्या पितरस्मा जातीन. नही तं आठेच भटकतीन, तिशा."

त्याला सगळं कळत होतं. घागर भरायची, वर डांगर आणि आंबा ठेवायचा, नाव घ्यायचं. तहानेने भटकणारं मेलेलं माणूस पाणी पितं आणि पूर्वजांत जाऊन बसतं. आणि मग डावी सीट रिकामी. वैशाख अजून सगळा पुढे होता.

"पुढला वरीसले भरूत," तो म्हणाला.

तो निघाला.

परतीच्या वाटेवर माल भरलेला, सूर्य डोक्यावर. आज गारवा थांबत नव्हता. आधी दंड, मग कूस, मग गुडघा. रस्त्यावर मृगजळ हलत होतं, आणि आत काचेवर वाफ धरली. त्याने मफलरसारखा टॉवेल गळ्याभोवती घेतला. शेजारून जाणाऱ्या बैलगाडीवाल्याने त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं.

"निंबा भाऊ," तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला, "थोडं कमी कर ना."

घागरीतून पाण्याचा आवाज आला. घोट घेतल्यासारखा. मग दुसरा. मग मातीवर ओठ घासल्यासारखा कोरडा आवाज, आणि तो थांबेचना.

नरडाण्याचं फाटक पडलेलं होतं. गाडी आपसूक उभी राहिली. मालगाडी गेली, एकेक डबा. फाटक वर गेलं. मागून हॉर्न. अभिमनला पाय उचलायचा होता. पाय उचलत नव्हता. हात स्टिअरिंगवर होते आणि बोटं त्याची वाटत नव्हती. हॉर्न फार लांबून येत होते. तेव्हा त्याला समजलं, भाऊ त्याला गार ठेवत नव्हता. भाऊला तहान लागली होती, आणि घागर संपल्यावर तो जे मिळेल ते पीत होता.

दरवाजाचा खटका त्याने दातांनी ओढला आणि खाली फुफाट्यात पडला. तळहात भाजले. बंपरला कॅनव्हासची पाण्याची छागल टांगलेली होती. ती काढून तो डाव्या बाजूने गेला, घागर भरली. मालातलं एक डांगर तिच्यावर ठेवलं. आंबा नव्हता.

"ए चुनेवाला, गाडी काढ ना बाजूले," मागचा ट्रकवाला ओरडला. "पूजा घर करजो."

"निंबा रुपचंद," अभिमन सीटपुढे हात जोडून म्हणाला. "हाई तुनं पानी. पी, आनि जाय भाऊ."

आतून उकाड्याचा लोट त्याच्या तोंडावर आला. भट्टीचं दार उघडावं तसा. डोळ्यांतून पाणी आलं, भुवया चरचरल्या. मागच्या खिळखिळ्या काचेवरची वाफ बघता बघता उडून गेली.

दुपार कलायच्या आत तो घामाने निथळत घरी पोचला. दोघी ओट्यावर न जेवता बसल्या होत्या.

"भरी घागर," तो म्हणाला. "फाटकवर. गया भाऊ."

"गया म्हणजे?" सुंदरबाईने विचारलं. "व्हतात का?"

मग त्याला सगळं सांगावं लागलं. पडदा कोरडा होता ते, चार बोटं पाणी, भागाबाई. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला, कारण सुंदरबाई दिवस मोजत होती हे त्याला दिसत होतं.

"पंधरा दिन," ती म्हणाली. "पंधरा दिन त्या तुमना बाजूले बशेल व्हतात. आनि तुमी रोज संध्याकायले घर येतात, जेवतात."

"वहिनी, माले..."

"माले एक डाव त्यास्ना बाजूले बसाडतात तं."

ती ओट्यावरून उतरली. अंगणात गाडी उन्हात उभी होती. तिने डावा दरवाजा उघडला, घागर उचलून खाली ठेवली, आणि तापलेल्या रेक्झिनवर जाऊन बसली. दरवाजा आतून लावून घेतला. प्रमिलाबाई उठू लागली तेव्हा अभिमनने तिचा हात धरला.

खिडकीच्या पडद्याआड सुंदरबाई समोर बघत बसली होती. तिने काच खाली केली नाही.